पाहुण्यांना आत कोणी आणलं?

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही, मीच घेतलं. बारसं असो, केळवण असो, जेवणं उरकली की मी भिंतीला टेकून बसतो आणि मंडळींच्या लक्षात येतं की आता सुटका नाही. त्यातली माझी हुकमी गोष्ट म्हणजे ताईच्या पोह्यांची.

तेव्हा आम्ही चौक गावात राहायचो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून. एक्सप्रेस-वे झाला नव्हता. सगळी वाहतूक आमच्या ओट्यासमोरून जायची आणि रात्री ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजायची. त्या आवाजाशिवाय मला पुढे कितीतरी वर्षं नीट झोप लागत नव्हती. उन्हाळ्यात गाड्या तापायच्या. लोक पाणी मागायला यायचे, म्हणून आई दारात एक कळशी भरूनच ठेवायची.

अशाच एका मे महिन्यात ताईला बघायला पनवेलचे पाहुणे यायचे होते. पांढऱ्या मोटारीतून, दहा वाजता. बरोबर दहाला पांढरी मोटार थांबली, पाच माणसं आत आली. गंभीर चेहऱ्याची, फार न बोलणारी. बाबा आतल्या खोलीत येऊन आईला म्हणाले, "खानदानी दिसतायत." ताई रेशमी साडीत पोहे घेऊन बाहेर आली, पाचही जणांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पोहे खाल्ले. बाबांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "कोणाचा मुलगा?"

ती मंडळी मुंबईहून पुण्याला तेराव्याला निघाली होती. गाडी तापली म्हणून थांबली होती.

इथे हशा पिकतो. मग मी खऱ्या पाहुण्यांची एंट्री घेतो, तोवर संपलेले पोहे, आईची उपम्याची धावपळ, आणि शेवटी मान हलवत म्हणतो, "आमच्या ताईला माणसंच ओळखता येत नाहीत!" पुन्हा हशा. तिकडून नकार आला हे मी सांगतो, पण भरभर. गोष्ट सुरू झाली की ताई चहा टाकायला आत जाते. मी तेही गोष्टीत घेतलं होतं: "बघा, अजून लाजते!"

यंदा खालापूरच्या आमच्या शाळेत आठवीला मी एक पाठ घेत होतो: गोष्टीतल्या दुसऱ्याच पात्राच्या तोंडून तीच गोष्ट सांगायची. पुस्तकात उदाहरण होतं. पण घरचा माल पडून असताना बाहेरचा कशाला, म्हणून मी पोह्यांची गोष्ट काढली. साभिनय. वर्ग खूश झाला.

"आता यातलं कोणीही व्हा आणि लिहा," मी म्हटलं.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, पन ती मान्सं घरात आली कशी?"

"आली. सांगितलं ना."

"अशी कशी आली? पानी मागनारी मान्सं दारातच उभी ऱ्हातात. आमच्या धाब्यावं पन कोन आपनहून घरात शिरत नाय. त्यांना आत कुनी आनलं?"

"आधी लिहायला लाग," मी म्हणालो. मास्तरांना उत्तर येत नसलं की ते असंच म्हणतात. माझी पंचाईत अशी की मला उत्तर येत होतं.

त्या संध्याकाळी मी वह्या तपासायला घेतल्या. एक पोरगा मोटार झाला होता: "माझे डोके तापले होते आणि सगळे मलाच शिव्या देत होते." एक जण चक्क तेराव्याचा मृतात्मा झाला होता: "मी उपाशी आणि हे पोहे खातायत." मी मोठमोठ्यानं हसत होतो. मग तिसऱ्या बाकाची वही आली.

"मी ताई आहे. मला आईने सांगितले, पाहुणे आत बसलेत, पोहे ने. मी नेले. मी दार उघडले नव्हते. दारात माझा धाकटा भाऊ उभा होता. त्याला गाडी बघायला ठेवले होते. त्याने मोटारीचा रंग बघितला, माणसांना विचारले नाही. नंतर बाबा मला ओरडले. भाऊ गप्प बसला. तो आता सर आहे."

तिनं सगळं अंदाजानं लिहिलं होतं आणि एक अक्षर चुकलं नव्हतं. मी बारा वर्षांचा होतो. धावत मोटारीपर्यंत गेलो होतो, "या, या, कधीची वाट बघतोय," म्हणत त्यांना हाताला धरून आणलं होतं. नंतर बाबा ताईला म्हणाले, "एवढं कळू नये तुला?" तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं होतं. मी धान्याच्या कणगीमागे सरकलो होतो. तिनं माझं नाव सांगितलं नाही. आणि मी तिची गोष्ट केली, पंचवीस-तीस वर्षं चालवली.

पुढच्याच रविवारी माझ्या मुलीचं केळवण होतं, लोधिवलीला ताईकडेच. हल्ली होणाऱ्या जावयालाही बोलावतात. जेवणं झाली आणि भावोजींनी त्याला सावध केलं, "आता पोहे येणार हं!" ताई उठली.

"ताई, थांब जरा," मी म्हटलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला विचारून आणलेली वही पिशवीतून काढली आणि वाचायला लागलो. या वेळी साभिनय काही जमलं नाही. "तो आता सर आहे" पर्यंत आलो तेव्हा कोणी हसलं नाही.

"बाबा, तुम्ही आणलंत त्यांना?" मुलगी म्हणाली.

"मीच."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पुढे वाच."

"पुढे नाही. एवढंच लिहिलंय."

"मग पुढचं मी सांगते," ती म्हणाली आणि बसली. या गोष्टीला ती पहिल्यांदाच बसत होती. "नकाराचं मला काही वाटलं नाही रे. हे भेटले," भावोजींकडे हात करून ती म्हणाली, "बरंच झालं. पण चूक तुझी होती हे तू सांगशील म्हणून मी रोज वाट बघायचे. नंतर सोडून दिलं." मग तिचा आवाज बदलला. "त्या तेराव्याच्या मंडळींत एक म्हातारी होती. तुझ्या गोष्टीत ती कधी नसतेच. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, भाऊ गेल्यापासून आज पहिल्यांदा घास गोड लागला गं पोरी. मी बारा वेळा पोहे केलेत बघणाऱ्यांसाठी. लक्षात राहिले ते तेवढेच."

मी उठलो आणि चहा टाकायला आत गेलो.

बाहेर ताईनं गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. कणगीपर्यंत आली तेव्हा असा हशा पिकला की माझ्या वाट्याला तसा कधी आला नव्हता. जावई सगळ्यात मोठ्यानं हसत होता. मी साखर शोधत होतो.

"खालच्या डब्यात आहे रे!" ताईनं बाहेरून हाक मारली. "आणि चहा कोणापुढे ठेवायचा ते आधी विचारून ठेव!"