खाडीतली क्रेन आणि आमची गावकी

आमच्या गावात एक नियम आहे. गावकीनं देवळात बसून ठरवलं की ठरलं, "का?" विचारायचं नाही. पोरींनी तर नाहीच! पेणला कॉलेज करून पदवी आणली, तरी माझ्यासाठी नियम तोच. पण न विचारलेले प्रश्न साठत जातात आणि त्यांचे किस्से होतात. नव्या पुलाच्या कामावरची क्रेन खाडीत कोसळल्यापासून तर माझ्याकडे ढीग लागलाय.

* * *

क्रेन पडली तेव्हा मी धक्क्यावर उभी होते. पेणची एसटी पलीकडच्या काठाला मिळते. कॉलेजची सगळी वर्षं भिवाकाकानंच मला होडीतून नेलं-आणलं. त्या दिवशीही तो मला न्यायला येत होता. पुलाजवळ त्यानं होडी थांबवली. काठावरून सुपरवायझरनं हात केला, "चल, चल!" काकानं वल्हं मारलं आणि क्रेन त्याच्यावर आली.

गावाला वाटलं, नागोठण्याकडं केमिकलच्या कंपनीत काहीतरी फुटलं! आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलंय : मोठा आवाज आला की नाकाला ओलं फडकं लावायचं आणि डोंगराकडं पळायचं. अख्खी गावकी पळाली. मी धक्क्यावरून ओरडतेय, "अरे, होडी आणा रे कोणीतरी!"

बऱ्याच वेळानं सगळे उतरले. गावकीचे अध्यक्ष तात्या सर्वांत पुढे. मला म्हणाले, "वास कसा नाय येत गो?"

"तात्या, भिवाकाका खाली गेला."

फडकं त्यांच्या नाकावर तसंच होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आले. क्रेन खाडीत आडवी, वरच्या अंगाच्या होड्या वर अडकलेल्या, खालच्या खाली. साहेबांनी जाहीर केलं, "होडीवाल्यांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा."

म्हाताऱ्या महादूआबाचं पोट मासळीवर. त्यानं हात जोडले. "करतो साहेब. दुसरी खाडी कधी आणताय?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "प्रस्ताव पाठवू!"

* * *

सुपरवायझर साहेबांपेक्षा हुशार. तो आबाला म्हणाला, "भरतीला पाणी चढतं ना? मग क्रेनच्या वरून जा की!"

आबा गेला बिचारा. पाण्याखालच्या लोखंडानं होडीचा तळ चिरला. चिखलानं माखून काठाला लागला तेव्हा मी धावले, विचारलं, "आबा, वाट हाय का?"

"हाय गो," आबा म्हणाला. "फक्त होडीला नाय."

* * *

मग क्रेन का पडली याचा शोध सुरू झाला. सुपरवायझरला कारण लगेच सापडलं : भूमिपूजनाला गावानं दिलेला नारळ कुजका निघाला होता! त्यावर आमच्या गावकीनं काय करावं? खाडीला कोंबडा दिला!

मी तात्यांना म्हटलं, "क्रेन नुसत्या भरावाच्या मातीवर उभी होती. भरतीनं ती माती भिजते, खचते. तुम्हीच इथं जन्म काढलाय ना?"

"तुम्ही शिकलेल्या पोरी देवाकडं पण सर्टिफिकेट मागाल!"

कोंबडा दिला. क्रेन आहे तिथंच आहे.

* * *

गेल्या आठवड्यात देवळात बैठक बसली. पुलाचा ठेकेदार देवळाला सभामंडप बांधून देणार, गावच्या पोरांना कामाला लावणार. बदल्यात गावानं एवढंच सांगायचं की भिवा दारू पिऊन, सुपरवायझर नको नको म्हणत असताना पुलाखाली शिरला.

भिवाकाका, जो चहापलीकडे काही प्यायला नाही!

बायका बैठकीत बसत नाहीत, म्हणून भिवाकाकी बाहेर पायरीवर. मला मात्र आत बोलावलं, कारण गावातली डोळ्यांनी पाहणारी मी एकटी.

"तुला काय दिसलं नाय," तात्या म्हणाले.

"दिसलं."

"डोळ्यांवर ऊन होतं तुझ्या."

"दिसलं, तात्या. पोलिसांना सांगूनसुद्धा आलेय."

"मग जा आनि जबाब फिरव. गेलेला मानूस काय परत येनार हाय? नायतर तुमचं घर वाळीत. विहिरीवर पाय ठेवायचा नाय, दुकानात उभं राहायचं नाय, मयताला खांदा मिळायचा नाय."

माझे बाबा खाली फरशीकडं बघत होते.

"टाका वाळीत," मी म्हटलं. "जबाब नाय फिरवणार."

 

भिवाकाकी पायरीवरून उठली, उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तिला कोणी "जा" म्हणालं नाही.