याडीने सही केली नव्हती

"मावशी, खुर्चीवर नाही. खाली. त्या मीटिंगमध्ये बसायच्या तशा बसून दाखवा."

दिग्दर्शकाच्या हाताखालचा मुलगा हे म्हणाला. चांगल्या घरचा, मुंबईचा. आवाज गोड. माझी याडी नुसती बघत राहिली. याडी म्हणजे आई. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडी म्हणतात. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "खाली बस."

मीच म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

ती बसली. ठेवणीतलं हिरवं लुगडं सावरत, एक गुडघा वर, पदर कपाळापर्यंत, भिंतीला टेकून, दारातल्या चपलांजवळ. सिनेमातली हिरोईन समोर वाकून बघत होती. तिला ते बसणं जमत नव्हतं. ती योगासनाला बसल्यासारखी ताठ बसायची. याडीकडे बघून तिने पाठ वाकवली, मान आत घेतली.

"परफेक्ट!" दिग्दर्शक ओरडला. सगळे हसले. मीही हसले.

शूटिंग अनसिंगजवळच्या एका गावात चाललं होतं, बंद पडलेल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत. सिनेमा राजकारणावरचा. हसवणारा, पण आत खून, फायली, मंत्र्याचं कारस्थान. एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला. गोष्ट अशी की एक अडाणी सरपंचबाई उपसरपंच म्हणेल त्या कोऱ्या कागदावर सही करत जाते, आणि त्या सह्यांच्या जोरावर अख्खा तालुका विकला जातो. बाई शेवटपर्यंत हसत सह्या करते. तिला काही कळतच नाही. विनोद सगळा तिच्यावर.

ती बाई म्हणजे माझी याडी.

आमचा तांडा आणि गाव मिळून एक ग्रामपंचायत. मी चौथीत असताना सरपंचाची जागा आमच्यासारख्यांच्या बाईसाठी राखीव निघाली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला तांड्यावरची गरीब, ऊसतोडीला जाणारी, मान खाली घालून बोलणारी बाई हवी होती. त्याने याडीला उभं केलं. ती निवडून आली. तो उपसरपंच झाला. पहिल्याच मीटिंगला तो सरपंचाच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी सतरंजी टाकली हाय."

दोन वर्षं ती सतरंजीवर बसली. मी शाळा सुटली की दारातून बघायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तुही माय सरपंच हाय की झाडूवाली?" मला राग त्यांचा नाही यायचा. याडीचा यायचा.

मग एक दिवस उपसरपंचाने ठराव लिहायचं प्रोसिडिंगचं बुक तिच्या मांडीवर टाकलं. पान कोरं. "करा सही." याडीने बुक उलटसुलट केलं. म्हणाली, "अठी तं काहीच लिहेल नाही. आधी लिहा, वाचून दाखवा. मंग सही."

सगळे ग्रामसेवकाकडे बघायला लागले. शेवटी ग्रामसेवकाने खाली मान घालून सांगितलं, तांड्यासाठी मंजूर झालेली विहीर उपसरपंचाच्या वावरात दाखवायची आहे. याडी उठली. बुक टेबलावर ठेवलं. सही केली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, घरी माणसं पाठवली तरी नाही. अविश्वास ठराव आला. तिला काढलं. त्या वर्षी दसरा झाल्यावर ती पुन्हा कोयता घेऊन ऊस तोडायला गेली.

तोवर जागा बदलायची मुदत टळली होती, म्हणून विहीर मात्र तांड्यातच झाली. अजून आहे.

मी कॉलेजात असताना एक लेखक आला. तो आमच्या घरी दोन दिवस राहिला. याडी बोलत गेली, मी मराठीत सांगत गेले. सतरंजीचं सांगितलं तेव्हा तो हसला, भराभर लिहून घेतलं. सही नाकारल्याचंही सांगितलं. तेव्हा त्याने पेन खाली ठेवून चहा प्यायला. हे मी पाहिलं होतं. पुढे कादंबरी आली. तिच्यात सतरंजी होती, चपला होत्या, वाकलेली पाठ होती. नकार नव्हता. मी ती दोनदा वाचली. लेखकाला एक ओळ लिहिली नाही. उलट मैत्रिणींना दाखवत फिरले, ही आमच्या घरावरची आहे म्हणून.

आता मी वाशिमच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवते. सिनेमावाल्यांना वऱ्हाडी शिकवणारं कोणी हवं होतं. लेखकाने माझं नाव दिलं. सकाळी दारात गाडी यायची. सेटवर सगळे 'मॅम' म्हणायचे. तांड्यावरच्या पोरीला इतकी माणसं मॅम म्हणतात, हे मला फार गोड लागलं. हिरोईनला मी 'मले', 'तुले', 'काहून' शिकवलं. त्यांना हसायला आणखी हवं असायचं, मी आणखी द्यायचे. याडी अंगठ्याला थुंकी लावून पान कशी उलटते. साहेब आला की उभी राहून पदर कसा चावते. मी करून दाखवायची. हशा व्हायचा.

एका दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "आईंनाच आणता येईल का? एक दिवस."

मी याडीला म्हणाले, "सिनेमावाल्यांना तुला भेटायचंय." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तिला वाटलं सत्कार आहे. तिने लुगडं इस्त्रीला दिलं. गाडीत ती खिडकीला धरून बसली होती, आणि रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की हात वर करत होती.

तर ती खाली बसली. नुसतं बसून भागलं नाही. दिग्दर्शक म्हणाला, पूर्ण सीन एकदा मावशींसोबत करून बघू, हिरोईनला अंदाज येईल. उपसरपंचाचं काम करणारा नट मोठा विनोदी. त्याने बुक वरून तिच्या मांडीत टाकलं. "कर सही, सरपंच!" हशा. पुन्हा एकदा. पुन्हा हशा.

तिसऱ्यांदा याडीने बुक उघडलं. पानं उलटली. कोरी.

"हे कोरं हाय," ती म्हणाली. "मी सही नाही करत."

सगळे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, म्हातारी नाटक करते. दिग्दर्शक हसत पुढे आला. "नाही मावशी, इथं सही करायची. आपली बाई सही करते."

याडीने माझ्याकडे पाहिलं. घरी ती माझ्याशी आमच्या गोरमाटी बोलीतच बोलते. त्या दिवशी ती वऱ्हाडीत बोलली. खोलीतल्या प्रत्येकाला कळावं असं.

"तू ह्या लोकायले सांगितलं नाही काय, मी सही केली नव्हती म्हून?"

मी शिकवलेल्या बोलीत हिरोईन मागे कोणाला तरी विचारत होती, "काय म्हणून राह्यली ते?"

मग मी बोलले. उशिरा बोलले. "सर, ती सही करणार नाही. तिनं तेव्हाही केली नव्हती. त्या कादंबरीत खोटं आहे."

"मॅम, हे सटायर आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "तिने सही नाही केली तर गोष्ट पुढे कशी जाणार?"

"नका जाऊ देऊ."

"एवढं मनावर घेऊ नका. लोक हसतील आणि विसरतील."

"आम्ही विसरत नाही," मी म्हणाले. "उद्यापासून मी येणार नाही."

याडीला उठवायला मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. गुडघ्यावर हात टेकून एकटी उठली. गाडी नको म्हणाली. एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो, ती पुढे, मी मागे. थांब्यावर ती आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, "सगळे हसले, ते परके होते. तू पण हसलीस. मी पाहिलं."

सिनेमा पूर्ण झाला. माझ्या जागी दुसरं कोणीतरी मिळालं. तो सीन आहे, आणि लोक त्यालाच सगळ्यात जास्त हसतात. हिरोईनची वऱ्हाडी अस्सल आहे असं लिहून आलं. ती मी शिकवलेली. शेवटी पाट्यांमध्ये माझं नाव आहे. काढा म्हणून पत्र लिहिलं, उत्तर नाही. माझ्या वर्गातली पोरं त्या बसण्याची नक्कल करून मोबाइलवर टाकतात. त्यांना मी रागावू कोणत्या तोंडाने? पहिली नक्कल मीच केली होती.

मी एका लेखकाला, एका दिग्दर्शकाला दोष देऊन सुटू शकत नाही. त्यांना याडी माहीत नव्हती. मला माहीत होती. वरच्या माणसांच्या हशात आपली जागा मिळावी म्हणून मी माझ्या आईचं सगळ्यात ताठ पान फाडून टाकलं. माफी मागितलेली नाही. माफी मागितली तर ती देईल, आणि मला हलकं वाटेल. मला हलकं व्हायचं नाही.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. सरपंचाची जागा खुली आहे. मी अर्ज भरला. याडीला सोबत चल म्हटलं नाही. तिला कुठे नेण्याचा हक्क मी गमावला आहे. एकटी गेले.

परवा गावातली चार मोठी माणसं तांड्यावर आली. उपसरपंचाचा मुलगा उभा आहे. खाटेवर बसून म्हणाले, "ताई, तू शिकेल-सवरेल पोरगी. बिनविरोध होऊ दे. गावाचं नाव होईल. जागा राखीव नाही, तं तुमी कायले मधात येता?"

मी म्हणाले, "जागा खुली हाय, म्हूनच."

"पडशील."

पडेन. तरी गावातल्या प्रत्येक दारी जाईन, आणि याडीने काय केलं होतं ते सांगेन, पूर्ण. कोणाला हसू येणार नाही अशा आवाजात. उद्या माघारीचा शेवटचा दिवस आहे. मी तहसीलकडे फिरकणार नाही.