तालमीच्या फोटोची चौकट

आमच्या गावच्या तालमीचे फोटो मी काढले ते तालीम वाचावी म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता सगळे उलटंच सांगतात.

फौजेतून निवृत्त होऊन आलो, कॅमेरा घेतला आणि कराड-विटा भागातली जुनी गुऱ्हाळघरं, चावड्या, धर्मशाळा टिपत मोटरसायकलवर हिंडू लागलो. मागच्या सीटवर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं मलकापुरात फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, यात्रा, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं तोच छापतो. भागातले निम्मे चेहरे त्यानंच गोरे केलेत.

तालमीचं छप्पर गळत होतं. डागडुजी करायची की पाडून सभागृह बांधायचं, ते ग्रामसभेत ठरणार होतं. दगडी भिंती, वाकूनच आत जावं लागेल असा दरवाजा, कोनाड्यातला मारुती, लाल मातीचा आखाडा. माझ्या पाठीला पहिली माती तिथंच लागली. मला ती इमारत उभी हवी होती, बस्स.

"तू फकस्त फोटो दे," दोस्त म्हणाला. "मी आसा उठाव देतो की गाव बघतच बसंल."

दुकानात मी त्याच्या शेजारी बसलो होतो. त्यानं फोटोला चौकट चढवली, सोनेरी कड आणि आत काळी पट्टी. मग चौकटीच्या मागं सावली टाकली. फोटोत ऊन उजवीकडून आलेलं, कौलांच्या सावल्या डावीकडं पडलेल्या, आणि ह्याची सावली भलतीकडंच.

"अरे, एका फोटोत दोन सूर्य?" मी म्हटलं.

"सावली तपासाय कोण येतंय, गड्या? फोटो भिताडावरनं फुडं आल्यागत दिसला पायजे."

मला पटलं. खोटं कशाला बोलू, फोटो देखणा दिसत होता. छपरावर उगवलेलं गवतसुद्धा शोभून दिसत होतं.

ग्रामसभेचा मंडप तालमीसमोरच घातला होता. दोस्तानं फोटो भला मोठा छापून खुर्चीवर उभा केला होता. मी जवळ गेलो. फोटोला झेंडूचा हार होता. तेवढ्यात गावचे एक जुने पैलवान काठी टेकत आले, चपला बाजूला काढल्या आणि फोटोला हात जोडले.

"लय सोसलं बिचारीनं," ते म्हणाले.

तालीम त्यांच्या पाठीमागं दहा पावलांवर उभी होती. सोनेरी कड, काळी पट्टी. ह्या चौकटीत मी आजवर फक्त गेलेली माणसंच पाहिली होती.

मग दोस्त बोलायला उठला. माझ्या बाजूनं बोलायचं, असं आमचं ठरलं होतं. "मंडळी, इमारत आज न्हाई तर उद्या पडायचीच. पर ही तालीम आता कवाच पडणार न्हाई आन् गळणार न्हाई. नव्या सभागृहात दर्शनी भागाला लावू." टाळ्या पडल्या. हात वर झाले. त्या पैलवानांचाही झाला.

मी त्याला मंडपामागं गाठलं. "तुला कवापासनं ठाऊक हुतं?"

"पयल्यापासनं," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "समद्यांना पाडायचीच हुती रं, पर म्हाताऱ्यांचं मन धजत नव्हतं. तुझा फोटो बघून त्यास्नी धीर आला. तुला सांगितलं आसतं तर तू फोटो दिला आसतास व्हय?"

परक्यानं केलं असतं तर मी भांडलो असतो, कोर्टात गेलो असतो. ह्याला काय करायचं? ह्यानं तालमीला तिरडीवर घातलं आणि खांदा माझा घेतला. मी मोटरसायकल काढली आणि मागची सीट रिकामी ठेवून घरी आलो.

सभागृह झालं. उद्घाटनाला माझा सत्कार ठेवला होता. मी घरीच बसलो.

परवा त्याचा फोन आला, काही घडलंच नाही अशा आवाजात. "गावच्या वेशीचा एकादा झ्याक फोटो हाय का रं तुझ्याकडं?"

"कशाला?"

"आसावा म्हणून."

वेशीचे फोटो माझ्याकडं ढिगानं आहेत. "न्हाई," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग घरात बसवेना, म्हणून वेशीपर्यंत चालत गेलो. कमानीखाली दोघंजण टेप धरून रस्त्याची रुंदी मोजत होते.