चादरीचं सूत आणि पाणबुडी

माढ्याचा माणूस पाणबुडीत कसा, असं लोक अजून विचारतात. मी इंजिनरूममध्ये होतो. महिना-दीड महिना गोडं पाणी मोजून मिळायचं, आंघोळ विसरायची. मोठ्या शहरातल्या सोबत्यांचे हाल व्हायचे. मी मजेत असायचो. आमच्या गावाने टँकरची वाट पाहायची सवय लहानपणीच लावली होती.

आमचे चीफ अक्कलकोटकडचे मल्लप्पा. दर मोहिमेला ते चादरीच्या सुताची एक गुंडी आणत. बंदर सोडलं की त्यातला धागा इंजिनरूमच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून बांधत. खोल गेलं की समुद्र पोलादालाही आवळतो. भिंती किंचित जवळ येतात आणि धाग्याला झोळ पडतो. वर येताना पुन्हा ताठ. नवा माणूस ते बघून दोन पावलं मागे सरायचा. मला मात्र अशी बोट बांधणाऱ्यांचा अभिमान वाटायचा.

त्या सकाळी ०९:४० ला आम्ही खोलात होतो. मागच्या मोटर कंपार्टमेंटमध्ये समुद्राच्या पाण्याचा पाइप फुटला. चीफ आत होते, मी दारात. नियम एकच होता. पाणी आलं की दार बंद, आत कोणीही असो.

"चीफ, बाहेर या!"

"व्हॉल्व हितं हाय. दार लाव."

"चीफ, पण तुमी..."

"लाव की!"

मी दार लावलं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

"कंट्रोल, इंजिनरूम. दार बंद. चीफ आत आहेत."

"वर येतोय. दार उघडायचं नाही."

"येस सर."

पलीकडे पाण्याचा आवाज चालला होता. मग तो थांबला. मी धाग्याकडे बघत उभा राहिलो. झोळ हळूहळू कमी झाला. ०९:५२ ला धागा ताठ झाला.

दार उघडलं तेव्हा व्हॉल्व पक्का बंद होता. चीफ त्याला धरूनच होते, पण पाण्याच्या माऱ्याने त्यांचा जीव गेला होता. आम्ही बाकीचे सगळे वाचलो.

आता सोलापुरात राहतो. समाधानी आहे. दर वर्षी अक्कलकोटला चीफच्या घरी, वहिनींकडे जातो. पहिल्या वर्षी पाय उचलत नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "भावजी, त्यांनी सांगितल्यावर दार लगेच लावलं न्हवं?"

खोटं बोलवेना. "न्हाय, वैनी. दोनदा सांगावं लागलं."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"एका सांगण्यात लावलं असतं, तर मला लई वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "बसा. जेवायला वाढते."