लेण्याद्री रोडवरचं हिराताईचं घर

हिराताई बरी झाली, आणि त्यानंतरही नऊ वर्षं मेंटल हॉस्पिटलमध्येच होती.

कारण न्यायला कुणी आलंच नाही.

आज सकाळी ती गेली. हार्ट अटॅक.

हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, मधली काही वर्षं मी बाहेरगावी होते. नव्हते. मी तिच्याच वॉर्डात होते. पेठेतलं दुकान चालायला हवं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायला हवं, म्हणून घरच्यांनी तसं सांगितलं होतं. माझा राग नाही.

पण आज लपवून तिच्याबद्दल लिहिता येणार नाही.

हिराताई शिनोलीच्या वरच्या डोंगरातली. भात, नाचणी करणारं घर. मूल दगावलं आणि ती मनानं बिघडली. नवऱ्यानं तिला दाखल करून दुसरं लग्न केलं. गोळ्यांनी ती बरी झाली. डॉक्टरांनी भावाला पत्रं लिहिली. उत्तर नाही.

मग एका संस्थेनं सरकारी अनुदानावर जुन्नरला लेण्याद्री रोडवर भाड्याचं घर घेतलं. तिथे हॉस्पिटलमधून आलेल्या आम्ही चौघी आणि देखरेखीला एक मावशी.

पहिल्या दिवशी हिराताई दाराची कडी लावत होती, काढत होती, परत लावत होती.

"काय करतेस गं?"

"आतनं लावता येती, बघ!"

ती शेजारच्या मळ्यात खुरपायला जायची. भाकरी लई सुरेख करायची. मला रोज दटावायची, "आदी गोळी, मग च्या."

दुसऱ्या वर्षी अनुदान थांबलं. संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, "महिनाअखेरीला तुम्हाला परत हॉस्पिटलला पाठवावं लागेल गं."

हिराताई म्हणाली, "मॅडम, आमाला त्या हापिसात न्या."

अनुदान देणाऱ्या पुण्याच्या ऑफिसात साहेब आमच्याकडे न बघता मॅडमना म्हणाले, "पेशंटना कशाला आणलंत?"

हिराताई उभी राहिली.

"सायेब, पेशंट व्हते. आता न्हाई. रांधते, कामाला जाते, गोळी घेते. मला दवाखान्यात ठिवायला सरकारकडं पैसं हायेत, अन् घरात ठिवायला न्हाईत?"

साहेबांनी फाइल मागवली आणि आमच्यासमोर वाचली.

पंधरा दिवसांत अनुदान चालू ठेवायची ऑर्डर आली. एकाच वर्षाची. तेव्हापासून दर मार्चला आम्ही नव्या ऑर्डरची वाट बघतो. यंदाही बघितली.

निरोप मिळून दुपारी तिचा भाऊ आला. ओट्यावरच बसला. "आमी न्यायला पायजे व्हती," म्हणाला.

मी त्याला चहा दिला.

अग्नी त्यानंच दिला. नंतर मृत्यूची नोंद करताना क्लार्कनं तिचा कायमचा पत्ता विचारला. भाऊ गावाचं नाव सांगायला लागला आणि मध्येच थांबला. माझ्याकडे बघितलं.

"लेण्याद्री रोडच्या घराचाच लिवा," म्हणाला.

हिराताई, आम्हा तिघींचा आणि मावशीचा तुला शेवटचा नमस्कार.

सावकाश जा गं.