समोरच्या मोकळ्या जागेतलं कारंजं

खाडीकाठी नव्यानं वसलेल्या उलव्यात आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा इमारतीसमोर एक मोकळी जागा होती. दुपारी बायका तिथं पापड वाळत घालत, संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळत. आमचे घरमालक खाडीकाठच्या गावातले. नव्या शहरासाठी सरकारनं भातशेती घेतली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर ही इमारत उभी राहिली. ते स्वतः तळमजल्यावर राहत.

एका फेब्रुवारीत त्या जागेत कारंजं होणार असल्याचा सरकारी फलक लागला. नळाला तेव्हा दिवसाआड पाणी येत होतं. घरमालक मला म्हणाले, चला, विचारून तर येऊ.

फलकावर पत्ता होता त्या सरकारी कार्यालयातला इंजिनीअर तरुण होता, नीट बोलला. निधी मंजूर झालाय, मार्चच्या आत खर्च केला नाही तर परत जाईल, असं त्यानं सांगितलं.

"मंग जाऊ दे परत," घरमालक म्हणाले.

परत म्हणजे लोकांकडे नाही, वरच्या खात्यात, असं त्यानं समजावलं. नळाचं विचारलं तर म्हणाला, तो निधी वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

"तुमचा निधी येगला येगला," घरमालक म्हणाले, "आमचा खिसा एकच हाय."

येताना रिक्षात मी कराचा विचार करत होतो. माझा कर पगारातून परस्पर कापला जातो. जो पैसा हातात आलाच नाही, तो गेल्याचं मला कधी जाणवलं नव्हतं. घरमालक मात्र घरपट्टी दरवर्षी रांगेत उभं राहून भरत. सरकारनं पाणी, रस्ता, दिवे बघावेत आणि उरलेला पैसा ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा, हे मला त्या दिवशी पटलं.

कारंजं झालं. वाईट नव्हतं. माझी आई संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागली. मुलं खेळायला पलीकडच्या गल्लीत गेली. घरमालक म्हणत, छान आहे, पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी चांगल्या धड फुटपाथवर नव्या पेव्हर ब्लॉकचे ढीग पडले. या वेळी आजूबाजूच्या सोसायट्यांतलेही बरेच जण आमच्याबरोबर आले. इंजिनीअर तोच होता. त्यानं हरकत लिहून घेतली आणि थोड्याच दिवसांत ढीग उचलले गेले. सगळ्यांना बरं वाटलं. मग कळलं, ते काम शेजारच्या सेक्टरला दिलंय. तिथलाही फुटपाथ धडच होता.

घरमालक पुन्हा कार्यालयात गेले, मी बरोबर होतो.

"त्यांना तरी इचारलं का?" ते म्हणाले.

इंजिनीअर म्हणाला, त्यांची काही हरकत आलेली नाही.