तुटायच्या जरा आधी

माझी धाकटी बहीण सुमा ल्यूट नावाचं जुनं युरोपी तंतुवाद्य वाजवते. परवा तिनं त्याच्या नायलॉनच्या तारा काढून पूर्वीसारख्या, बकऱ्याच्या आतड्याच्या तारा लावल्या. खिडकीशी बसून ती खुंटी पिळत होती.

"किती ताणायची गं?" मी विचारलं.

"जुने वादक म्हणायचे, तुटायच्या जरा आधी थांबायचं. तिथंच ती सगळ्यात गोड बोलते."

"पण ती जागा कळते कशी?"

"तुटली की कळते, ताई," ती हसली.

मला हसू येईना. आईचं आजारपण, घर, नोकरी, सगळं सुमाच ओढते. किती गुणाची, असं आम्ही म्हणतो आणि आणखी एक काम तिच्यावर टाकतो. अशी ताणलेली माणसं घरोघरी असतात, आणि त्यांचं बोलणं गोडच लागतं.

तिनं तार छेडली. "वा!" माझ्या तोंडून निघून गेलं. तेवढ्यात खिडकीतल्या उजेडात मला दिसलं, तारेच्या अंगातून केसाएवढा एक धागा सुटून वर आला होता.

"अजून थोडी चढेल," सुमा म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा खुंटीकडे गेला.